काळीपिवळीतून गेलेला प्लग

सोमवारी सकाळी साडेआठच्या काळीपिवळी जीपनं माझ्या गाडीचा प्लग अकोटला गेला. मी हिवरखेडलाच राहिलो.

आमच्याकडे यात विचित्र काही नाही. अकोटच्या चंद्रभान मिस्त्रीकडे गाडी नेत नाहीत, प्लग पाठवतात. त्यांचं म्हणणं असं, की गाडी समोर आली की माणूस तिचा रंग पाहतो, सीटकव्हर पाहतो, मग मालकाकडे पाहतो, आणि मालक गाडीपेक्षा जास्त आवाज करतो. प्लग गप्प असतो. म्हणून आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांतले लोक प्लग काढतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात, वर गाडीचे शेवटचे चार आकडे लिहितात आणि जीपच्या ड्रायव्हरकडे देतात. संध्याकाळी तोच प्लग त्याच कागदातून परत येतो. कागदाच्या कोऱ्या कडेवर मिस्त्रीनं बॉलपेननं निदान लिहिलेलं असतं. मालकाचं नाव लिहायचं नाही, हा नियम. ओळखीचं नाव दिसलं की निदानात दया शिरते, असं ते म्हणतात.

"खिडकीची जागा देऊ का याले?" गजेंद्रनं विचारलं. गजेंद्र दहावीपर्यंत माझ्या बाकावर होता. आता हिवरखेड-अकोट काळीपिवळी चालवतो.

"कोठीही ठेव. हरवू नोको फक्त."

"पाच वर्साखालचा असन त फुकट. नाही त अर्धं तिकीट."

"गजा, शुक्रवारी मुलाखत हाय माई."

"तुयी हाय ना. पलगची थोडी हाय?"

तिथंच तो चुकत होता. मुलाखत दोघांचीही होती.

अकोल्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीनं मला शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बोलावलं होतं. पद क्षेत्र सहायकाचं. गावोगावी फिरायचं, शेतकऱ्यांना बियाणं समजावायचं, प्लॉट पाहायचे. पत्रात खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'उमेदवाराने स्वतःची चालू स्थितीतील दुचाकी सोबत आणावी व मुलाखतीच्या वेळी ती चालू करून दाखवावी.' बी.एस्सी. अ‍ॅग्री होऊन मला तीन वर्षं झाली होती. याआधी तीन ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो. तिन्ही ठिकाणी फक्त मला बोलावलं होतं आणि मला पाहूनच त्यांचं भागलं होतं. या वेळी माझ्यासोबत गाडीलाही पाहणार होते, म्हणजे थोडी आशा होती.

तीन वर्षं घरी असलेला माणूस बसून राहतो असा लोकांचा समज आहे. मी बसत नव्हतो. मी ओसरीतून अंगणात, अंगणातून गोठ्यात आणि गोठ्यातून परत ओसरीत असा फिरायचो. "बस ना बाबू एका जागी," माय म्हणायची, "तुया चालण्यानं कोंबड्याही बसून नाही राहिल्या." माझ्या मायचं नाव कौशल्या. ती अतिशयोक्ती करत नाही. त्या महिन्यात अंडी खरंच कमी झाली होती.

गाडी चौदा वर्षांची होती. शंभर सीसीची, किकवाली. आजवर तिनं कधी मोठा त्रास दिला नव्हता. मुलाखतीचं पत्र आलं आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत तिला काय झालं कोण जाणे. सकाळी एका किकमध्ये चालू व्हायची. पाण्याच्या टाकीपर्यंत नीट जायची. मग अडखळायची, निळसर धूर सोडायची आणि तीन किलोमीटरच्या आत मान टाकायची. प्लग काढून फडक्यानं पुसला की पुन्हा तीन किलोमीटर. हिवरखेडहून अकोला सत्तर किलोमीटर. हिशोब केला तर वाटेत तेवीस वेळा प्लग पुसावा लागत होता. गावातल्या दोन मिस्त्र्यांनी कार्बोरेटर साफ करून दिला होता. तिसऱ्यानंही तोच साफ केला. त्या आठवड्यात तालुक्यात माझ्याइतका स्वच्छ कार्बोरेटर कोणाकडे नसेल.

सोमवारी संध्याकाळी गजेंद्र कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं: 'काळा. पेट्रोल जास्त, हवा कमी वाटते. एअर फिल्टर धुवा. चोक ओढून चालवता का?'

चोक ओढून मी चालवत नव्हतो. फिल्टर धुतला, वाळवला, बसवला. मंगळवारी सकाळी गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि तिनं मान टाकली. प्लग काढला, साडेआठच्या जीपमध्ये दिला.

मंगळवारचं निदान: 'ओला. तेलकट. रिंगा गेल्या. इंजन खोला.'

इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या म्हणजे चार दिवस. माझ्याकडे दोन होते.

"इंजन उघडाचं नाही," बाबा म्हणाले. माझे बाबा, पुंजाराम, यंत्रांबद्दल फार बोलत नाहीत, पण बोलले की निकाल देतात. "माणसाचं पोट एकडाव उघडलं का मंग ते पयल्यासारखं राहत नाही. तुया मोठ्या बापाचं पाह्य."

"बाबा, मोठे बाबा ऑपरेशननंतर बारा वर्षं जगले."

"जगले. पण पयल्यासारखे नाही जगले."

एवढं बोलून ते पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कपाशीत गेले. पंप फुरफुरत गेला. त्याचा आवाज ऐकून मला गाडीची लाज वाटली. सात वर्षांचा पंप, आणि एका दोरीच्या ओढीत चालू.

बुधवारी मी नवा प्लग आणला. रोग प्लगमध्ये असेल तर जाईल, इंजिनमध्ये असेल तर कळेल. नवा प्लग पाण्याच्या टाकीपुढे चारशे मीटर गेला. काढून पाहिला. चकचकीत पांढऱ्या चिनीमातीवर काळं, ओलं, चिकट. दोन्ही प्लग शेजारी शेजारी एका कागदात गुंडाळले आणि या वेळी दुपारच्या फेरीनं पाठवले.

"जोडीनं चालले आज," गजेंद्र म्हणाला. "कोनाच्या लग्नाले?"

संध्याकाळच्या कागदावर प्रश्न होते. 'दोन्हीले एकच रोग. धूर निळा का? इंजन ऑईल रोज किती कमी होते? पेट्रोल किती पेते?'

इंजिन ऑइलची काडी मी ओढून पाहिली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. ऑइल पहिल्या रेघेवर होतं तसंच होतं, केसभरही खाली नाही. गाडी तेल पीत होती आणि तेल कमी होत नव्हतं. मी गुरुवारी पहाटेच एका कागदावर उत्तर लिहिलं आणि प्लगसोबत सातच्या फेरीला दिलं: 'धूर निळा. इंजन ऑईल कमी होत नाही. पेट्रोल काहीच पीत नाही.'

हे मी खरंच अभिमानानं लिहिलं होतं. बारा दिवस मी पेट्रोल भरलं नव्हतं आणि टाकी तोंडापर्यंत होती. गाडी आजारी असली तरी एव्हरेज सुधारला, असं मी दोन-तीन लोकांना सांगितलंही होतं.

साडेनऊला गजेंद्रचा अकोटहून फोन आला. आवाज बदललेला होता.

"श्याम, मिस्त्रीनं कागद वाचला. दोनदा वाचला. मंग चष्मा काढला."

"काय म्हणते?"

"म्हणते, पलग राहू द्या. मालक आणा."

अकोटच्या इतिहासात चंद्रभान मिस्त्रीनं मालक मागवला, असं याआधी झालं नव्हतं. जीपमध्ये ही बातमी माझ्याआधी बसली होती. दहाच्या फेरीनं मी निघालो तेव्हा बाजूच्या बाईनं मला विचारलं, "पलगवाले तुमीच का?" मी हो म्हटल्यावर तिनं थोडी सरकून जागा दिली, संसर्ग होऊ नये इतकी.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक टिनाचं शेड, एक स्टूल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले शे-दोनशे जुने प्लग. मिस्त्री साठीचे, बारीक, कानावर बॉलपेन. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, प्लग पाहतात तसं. मला वाटलं आता फिरवून मागून पाहतील.

"बस. पेट्रोल कधी भरलं शेवटचं?"

"बारा दिवस झाले जी."

"गाडी रोज चालवतं?"

"रोज. तीन-तीन किलोमीटर. कधी दोन खेपा."

"आन टाकी?"

"फुल्ल."

"बारा दिवस गाडी चालून राहिली आन टाकी फुल्ल. तुले काई वाटलं नाही?"

"मले वाटलं एव्हरेज वाढला."

मिस्त्रीनं कानावरचं बॉलपेन काढलं, पुन्हा कानावर ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या गजेंद्रनं खाली पाहिलं.

"शिकेल किती हाय?"

"बी.एस्सी. अ‍ॅग्री."

"हां," मिस्त्री म्हणाले, जणू एक शंका मिटली. त्यांनी कागदातून नवा प्लग काढला, काडेपेटीची काडी ओढली आणि प्लगचं टोक क्षणभर ज्योतीवर धरलं. चुर्र झालं. मग तो माझ्या नाकासमोर धरला. "वास घे. घाई नोको करू."

मी वास घेतला. जळकट, गोडसर, थोडा उग्र. त्या वासासोबत मला थेट आमचं कपाशीचं वावर दिसलं, पाठीवर पंप, कपाळावर रुमाल. लहानपणापासून दरवर्षी पोळ्याच्या आगेमागे आमच्या घरभर हाच वास असतो. बाबांच्या शर्टाला, दोरीवरच्या टॉवेलला, कधी वरणालाही.

"हा त फवारणीच्या पंपाचा वास हाय."

"त्या पंपाच्या पेट्रोलमंदी तेल मिसळा लागते. तुया गाडीच्या नाही. तेल जर खालून, इंजनातून आलं असतं त काडीवर कमी झालं असतं. झालं का कमी?"

"नाही."

"मंग ते वरून येऊन राहिलं. टाकीतून. पेट्रोलसंगं. आन टाकी आपोआप भरत नाही, कितीही शिकला माणूस तरी. घरी पंप कोन चालवते?"

"बाबा."

"मंग मले काहून इचारतं? त्याइले इचार."

मी उठलो. मिस्त्रीनं हात पुढे केला. मला वाटलं मेहनताना. खिशाकडे हात नेला तर म्हणाले, "मंगळवारचा कागद हाय का? ज्याच्यावर रिंगा लिहेल हाय. दे इकडं."

पाकिटात होता. त्यांनी तो घेतला, कात्रीनं 'रिंगा गेल्या, इंजन खोला' एवढाच तुकडा कापला, तोंडात टाकला आणि चावून गिळला. उरलेला कागद मला परत दिला.

"चुकीचं निदान गावात फिरू देत नाही मी," ते म्हणाले आणि माठातलं पाणी प्यायले. "नेहमीचंच हाय. यावर्सी तिसरं."

घरी आलो तर बाबा ओसरीत जेवत होते. विचारायचं कसं, याचा सराव मी वीस किलोमीटर केला होता. त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही.

"बाबा, गाडीत तुमी पेट्रोल टाकता का?"

"हो," बाबा म्हणाले. "रोज."

"पंपाचं?"

"मंग काय घागरीचं?"

"तेल मिसळेल?"

"तेल मिसळेलच टाकतो. साधं टाकून काय फायदा." त्यांनी भाकरी मोडली. "पाह्य, पंपाले सात वर्सं झाले. एक दिवस नाराज झाला का? नाही झाला. काहून? त्याच्या पेट्रोलमंदी तेल हाय. तुयी गाडी कोरडं पेट्रोल पेते, म्हनून खोकलते. तुले अकोल्याले जाचं हाय, लंबा रस्ता. म्हनलं पंधरा दिवस आधीपासून तिले तेल चालू करावं. जाईपर्यंत अंगात लागन."

"पण खोकला त तेल टाकल्यावर चालू झाला बाबा."

"चांगल्या औषधानं आधी वाढतेच."

"किती टाकता?"

"डब्यावर लिटरमागं चाळीस मिली लिहेल हाय. म्या ऐंशी टाकलं. कंपनीवाले हातचं राखूनच लिहितात."

मी मायकडे पाहिलं. ती चुलीजवळ दुसरी भाकर थापत होती आणि तिला अजिबात धक्का बसलेला दिसत नव्हता.

"माय, तुले माईत होतं?"

"मी त रोज पाहो. पाचले उठे तो. टाकीचं झाकन वाजू नाही म्हनून खाली टॉवेल धरे. तू झोपेल राहे ना."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू कुठी इचारलं? तू त दिवसभर गाडीभोवती फिरे. मले वाटलं दोघाचं काई ठरेल असन."

वाईट असं की मला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, तो काढायला एक दिशा मिळाली असती. डोळ्यांसमोर आमचा निळ्या काठाचा टॉवेल येत होता आणि पाय ओसरीतून अंगणात, अंगणातून गोठ्यात चालू लागले होते.

दुपारी आम्ही दोघांनी मिळून टाकी रिकामी केली. नळी बाबांनीच धरली. सगळं परत कॅनमध्ये गेलं. कॅन उजेडात धरून ते म्हणाले, "वाया नाही गेलं. पंपाले कामात येते." मग झाकण लावत, "गाडीले खरंच नाही चालत का?"

"नाही चालत बाबा."

"येगळाच जीव हाय मंग," ते म्हणाले आणि गाडीकडे पाहिलं, एखाद्या पाहुण्यानं पुरणपोळी नको म्हटल्यावर पाहावं तसं.

मी ढकलत गाडी पेट्रोल पंपावर नेली, कोरडं पेट्रोल भरलं, नवा प्लग पॉलिश पेपरनं घासून लावला. पाण्याची टाकी गेली. कॅनॉल गेला. सहा किलोमीटर गेलो, सहा आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. धूर आधी निळा होता, मग राखाडी, मग नाहीच. रोग बरा झाला होता. माझा नाही. त्या रात्री मी अंथरुणावर पडून किक मारत होतो, असं मायनं सकाळी सांगितलं.

शुक्रवारी साडेसातला निघालो. पांढरा शर्ट, पाठीला फाइल, खिशात प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि जुना प्लग. अकोटमध्ये मिस्त्री दुकानासमोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सायलेन्सरकडे पाहिलं आणि मान हलवली. मी हात केला, पण थांबलो नाही. थांबायची मला भीती वाटत होती. चोहोट्टा बाजारला चहा घेतला तो गाडीवर बसून, गाडी चालू ठेवून. चहावाला म्हणाला, "बंद करा ना भाऊ, ऐकू नाही येऊन राहिलं." मी 'एक मिनिट' म्हणून एक बोट दाखवलं. त्यानं एक क्रीमरोल दिला. खाल्ला.

अकोल्यात कंपनीच्या आवारात पोहोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. लिंबाखाली दहा उमेदवार आणि दहा गाड्या. सगळ्या बंद, सगळ्या शांत. मी अकरावा. माझी गाडी मी मधल्या स्टँडवर लावली आणि चालूच ठेवली.

पाच मिनिटं सगळे माझ्या गाडीकडे पाहत राहिले. मग आवाराचा चौकीदार आला. खाकी शर्टावर 'देवमन' अशी पट्टी होती.

"कोनाची गाडी भकभकून राहिली?"

"माई."

"बंद करा."

"बंद केली त चालू होईन का नाही, सांगता येत नाही काका."

देवमनकाकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग मुलाखत कायची हाय तुमची?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी गाडीकडे पाहिलं. ते आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. गाडी मंद आवाजात चालू होती. मी तिच्याभोवती फिरत होतो. अधूनमधून आवाज बदलल्यासारखा वाटायचा, मग मी थोडी मूठ पिळायचो, मग वाटायचं उगाच पिळली, मग कमी करायचो. उमेदवार एकेक करून आत जात होते, बाहेर येऊन आपापली गाडी चालू करून दाखवत होते, गेटपर्यंत जाऊन परत येत होते. कोणालाही दुसरी किक मारावी लागली नाही. तासाभरानं नववा आत गेला तेव्हा देवमनकाका परत आले.

"मॅडमनं सांगतलं. आता बंद नाही केली त तुमाले बंद करतीन."

मी चावी फिरवली. आवार एकदम शांत झालं. दहाव्याला घाम आला होता, माझ्याकडे पाहून; नववा बाहेर येताच त्यानं आपला नंबर मला दिला.

आत सीमा मॅडम होत्या. चाळिशीच्या, समोर चहाचा रिकामा कप आणि अर्जांचा गठ्ठा. त्यांनी माझी फाइल तीन मिनिटांत पाहिली. तुरीवरच्या मर रोगाबद्दल विचारलं, ते मला आलं. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार घेऊन शेतकरी अंगावर आला तर काय कराल, असं विचारलं. मी म्हटलं, आधी त्याला बसवीन, पाणी देईन. "आणि तुम्ही?" "मी उभाच राहीन मॅडम. मला बसवत नाही." त्यांनी काहीतरी लिहिलं.

"चला. गाडी."

बाहेर आलो. पहिली किक. काही नाही. दुसरी. तिसरीला सायलेन्सर फट् वाजला आणि लिंबावरचे दोन पक्षी उडाले. चौथी, पाचवी. मॅडम घड्याळाकडे पाहत नव्हत्या. घड्याळाकडे पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी थांबलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका जागी उभा राहिलो.

"मॅडम, दोन मिनिटं देता का?"

"घ्या."

पाना लावला, प्लग काढला. काळा. बाबांनी सकाळी उठून पुन्हा काही टाकलं का, हा पहिला विचार. मग मी मिस्त्रीसारखा प्लग डोळ्यांसमोर धरला आणि बोट फिरवलं. बोटाला काजळ लागलं. कोरडं, भुरभुरीत, फुंकलं तर उडणारं. ओलं नाही, चिकट नाही. वास घेतला. वावराचा वास नव्हता.

हा बाबांचा काळा नव्हता. हा माझा होता.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काजळी जमली मॅडम. गाडी तासभर उभ्या जागी चालू ठेवली. उभी गाडी हळू फिरते, पेट्रोल पूर्ण जळत नाही, मग टोकावर काळं धरते आणि ठिणगी पडत नाही."

"मग ठेवली कशाला चालू?"

"बंद पडेल अशी भीती होती."

"म्हणून बंद पडली."

"हो मॅडम."

लिंबाखाली कोणीतरी हसलं. देवमनकाका असावेत. मी पॉलिश पेपर काढला, टोक घासलं, फुंकलं, उरलेली काजळी शर्टाच्या बाहीला पुसली, कारण फडकं घरी राहिलं होतं. प्लग बसवला. किक मारली. गाडी चालू झाली. आवाज असा होता की जणू तिनं आधीचं काही ऐकलंच नव्हतं.

"गेटपर्यंत जाऊन या," मॅडम म्हणाल्या.

गेट चाळीस पावलांवर होतं. गेलो. गेटजवळ वळायचं तर मूठ सोडावी लागत होती. मूठ सोडली आणि बंद पडली तर? मी मूठ सोडली नाही. गेट मागे गेलं. रस्ता लागला. रस्त्यावर ट्रक होता, म्हणून डावीकडे वळलो. डावीकडे वळत राहिलं की माणूस निघाला तिथं परत येतो, असा माझा अंदाज होता. अकोल्यात तो चुकला. एक शाळा गेली, एक ऑइल मिल गेली, रेल्वेचा पूल आला. गाडी इतकी सुंदर चालली होती की चौदा वर्षांत तशी चालली नसेल, आणि मी नोकरीपासून दर मिनिटाला अर्धा किलोमीटर लांब जात होतो. पुलाखाली एका माणसाला पत्ता विचारला, गाडी चालू ठेवून. त्यानं सांगितलं ते ऐकू आलं नाही. दुसऱ्याला विचारलं.

परत आलो तेव्हा वीस मिनिटं झाली होती. लिंबाखाली कोणी नव्हतं. दहावा माझ्याच वेळेत उरकला होता. देवमनकाका गेट लावत होते.

"आले का," ते म्हणाले. "आमाले वाटलं घरी गेले."

मॅडम पायरीवर उभ्या होत्या. हातात अर्जांचा गठ्ठा. माझा सगळ्यात वर होता की सगळ्यात खाली, ते दिसत नव्हतं.

"कुठपर्यंत गेलात?"

"रेल्वेच्या पुलापर्यंत."

"गेट इथं होतं."

"हो मॅडम. पाहिलं होतं."

"मध्ये कुठं बंद पडली?"

"नाही."

त्या पायरीवर बसल्या. मी गाडीवर, गाडी चालू. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"माझ्याकडे तीन जागा आहेत. एक दर्यापूर, एक बाळापूर. त्या दोन्ही भरल्या. तिसरी धारणी. सेमाडोहपासून पुढची चाळीस गावं. मागचा माणूस दोन महिन्यांत पळाला. घाटात गाडी बंद पडली आणि मिस्त्री येईल म्हणून तो सात तास बसून राहिला. तिकडे मिस्त्री नाही. नेटवर्क नाही. तुमची बंद पडली तर काय कराल?"

"प्लग काढून पाहीन."

"पाहून कळलं नाही तर?"

"वास घेईन."

"बसून तर राहणार नाही?"

"ते मला जमत नाही मॅडम."

"घरचे सोडतील एवढ्या लांब?"

मी विचार केला. धारणी आमच्या गोठ्यापासून डोंगरापलीकडे होती. पहाटे पाचला टॉवेल घेऊन तिथं पोहोचणं बाबांनाही शक्य नव्हतं, निदान रोज नाही.

"सोडतील," मी म्हटलं. "गाडीच्या तब्येतीला चांगलंच आहे ते."

त्यांनी याचा अर्थ विचारला नाही. मुलाखतीत त्यांनी मला केलेली ही सगळ्यात मोठी मदत. गठ्ठ्यातून माझा अर्ज काढला, तो खालून तिसरा होता, त्यावर सही केली आणि आतून नेमणुकीचा छापील कागद मागवला. सोमवारी धारणीला हजर व्हायचं. कागदावर शिक्का मारून झाला तरी तो त्यांच्याच हातात होता.

"आता तरी बंद करा ती गाडी. बोलता येत नाही."

"करतो मॅडम," मी म्हटलं. "कागद आधी द्या."

मॅडमनी देवमनकाकांकडे पाहिलं. देवमनकाकांनी लिंबाकडे पाहिलं. मग कागद माझ्या हातात आला. मी तो वाचला, नाव तपासलं, घडी केली, काजळी नसलेल्या खिशात ठेवला आणि गाडी बंद केली.

त्यानंतर ती चालू झाली की नाही, हा नेमणुकीच्या अटींचा भाग नव्हता.